दारापर्यंतचे टपाल
(बी. ए. द्वितीय वर्ष)

पोस्टमन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खाकी कपड्यांतला, खांद्याला पिशवी अडकविलेला, सायकलची घंटी वाजवीत येणारा माणूस उभा राहतो. शाळेत असताना या विषयावर आपण सर्वांनीच निबंध लिहिलेला असतो. "ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा न करता तो आपली सेवा करतो," हे त्या निबंधातले ठरलेले वाक्य. मीही ते लिहिले आहे आणि दहांपैकी आठ गुण मिळविले आहेत. परंतु ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा त्याने केली नाही, तरी ती दुसऱ्या कोणीतरी करावयास नको काय, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नव्हता. तो सुचला गेल्या वर्षी, माझ्या मामाच्या शेतातील बांधाची खूण सरकली तेव्हा.

मी करमाडची. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, रेल्वेचे स्थानक असलेले हे गाव. वडील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी कोणताही कागद आला की तो वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असते, आणि नातेवाइकांकडचे कागदही माझ्याचकडे येतात. मामाचा कागदही तसाच आला होता.

मामाचे गाव आमच्यापासून बसने दोन तासांवर आहे. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. मामा गावात राहत नाही. ओढ्यापलीकडे शेतवस्तीवर राहतो. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीची मोजणी मागितली, म्हणून लगतचा धारक या नात्याने मामाला टपालाने नोटीस निघाली. ती त्याच्या हाती पडली मोजणी होऊन नऊ दिवस झाल्यावर, आणि तीसुद्धा स्टँडवरच्या एका किराणा दुकानातून, मिठाच्या पुड्याबरोबर. मोजणीच्या दिवशी तो हजर नव्हता. खुणा रोवल्या गेल्या आणि त्या आपल्या वहितीत आत आल्या, असे त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्या दिवशी डाक सेवक दिसताच मामाने त्याची गाडी अडविली आणि नको ते शब्द वापरले. डाक सेवकाने काही उत्तर दिले नाही. विजारीचा पाय वर करून पोटरीवरची जखम तेवढी दाखविली.

आमच्या दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. मी सरांना म्हटले, मला खेड्यातील टपालवाटपावर लिहावयाचे आहे. दिवाळीच्या सुटीत त्याच डाक सेवक काकांबरोबर मी चार दिवस हिंडले. त्यानंतर काही वाचन केले. त्या दोन्हींतून मला जे समजले ते या लेखात मांडीत आहे.

पूर्वपीठिका

टपाल ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. राजेरजवाड्यांचे जासूद आणि हलकारे होतेच. परंतु ते दरबाराचे कागद नेत, रयतेचे नव्हेत. सामान्य माणसाच्या पत्रासाठी देशभर अंतर न पाहता एकच दर हा क्रांतिकारक विचार इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्यामुळे १८४० साली आणि आपल्याकडे १८५४ च्या कायद्याने आला. १८७९ साली पोस्टकार्ड, १८८० साली मनीऑर्डर आणि १८८२ साली टपाल बचत बँक अशी एकेक सोय होत गेली. रानावनांतून टपाल वाहणाऱ्या धावपट्ट्यांच्या, म्हणजे 'रनर'च्या, हातात भाला असे आणि त्याला घुंगरे बांधलेली असत. घुंगरे शोभेची नव्हती. त्या आवाजाने जनावरे दूर जावीत हा हेतू असे. म्हणजे टपाल वाहणाऱ्याच्या जिवाला धोका आहे ही गोष्ट टपालखात्याइतकीच जुनी आहे, एवढे लक्षात ठेवावे.

आमचा मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपालखाते वेगळे होते. त्याचे पहिले तिकीट १८६९ साली निघाले आणि पुढच्या तिकिटांवर मराठी व तेलुगू लिपींतही किंमत छापलेली असे. राज्यकारभाराची भाषा काहीही असो, तिकीट घेणारा शेतकरी ती किंमत वाचू शकला पाहिजे, एवढी जाण त्यात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले आणि १ एप्रिल १९५० पासून संस्थानाचे टपाल भारतीय टपालात सामील झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ डाकघरे होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत आणि दर दहांतील सुमारे नऊ डाकघरे ग्रामीण भागात आहेत.

या विस्तारात एका मराठी माणसाचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली सहा अंकी पिनकोडची पद्धत ही टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची योजना. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे. आपल्याकडचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात, याचे कारण हे. एकाच नावाची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांतून योग्य डाकघर शोधणे या सहा अंकांमुळे सोपे झाले. तथापि पिनकोड पत्राला डाकघरापर्यंत आणून सोडतो. डाकघरापासून दारापर्यंतचा रस्ता आजही माणसालाच चालावा लागतो.

डाक सेवक कोण?

शहरातला पोस्टमन हा टपालखात्याचा पगारी कर्मचारी असतो. खेड्यातील पत्रे आणणारा बहुधा तसा नसतो, हे मला या प्रकल्पापूर्वी ठाऊक नव्हते. तो 'ग्रामीण डाक सेवक' असतो. ही पद्धत फार जुनी आहे. जेथे दिवसभराचे काम नाही तेथे गावातील शाळामास्तर, दुकानदार अशा दुसरा उदरनिर्वाह असलेल्या माणसाकडे थोड्या मोबदल्यावर डाकघर सोपवावे, अशी ती कल्पना. त्याला पूर्वी 'खातेबाह्य' कर्मचारी म्हणत. आज देशात असे सुमारे अडीच लाख सेवक आहेत. शाखा डाकपाल, साहाय्यक शाखा डाकपाल आणि डाक सेवक असे त्यांचे प्रकार आहेत. दहावीचे गुण पाहून निवड होते, दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी लागते, आणि सायकल चालविता येणे ही अट असते.

मग हा माणूस सरकारी नोकर की नव्हे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पी. के. राजम्मा यांच्या प्रकरणात आला. २२ एप्रिल १९७७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, खातेबाह्य कर्मचारी हाही केंद्र शासनाखालील नागरी पद धारण करतो. म्हणून राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढून टाकता येणार नाही. हा मोठा विजय होता. परंतु नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन त्यातून मिळाले नाही. उलट २०१९ साली गंदिबा बेहेरा प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, डाक सेवक म्हणून केलेली वर्षे पुढे नियमित नोकरी लागल्यावर निवृत्तिवेतनासाठी मोजता येणार नाहीत.

मोबदल्याचे म्हणावे तर, कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. तो लागू होईना म्हणून २२ मे २०१८ पासून देशभरातील डाक सेवकांनी संप केला. ६ जून २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे दर मंजूर केले. चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालास दरमहा किमान १२,००० रुपये आणि डाक सेवकास १०,००० रुपये, पाच तासांसाठी अनुक्रमे १४,५०० आणि १२,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता वेगळा. कमीत कमी काम तीन तासांऐवजी चार तास धरण्यात आले आणि खडतर भागासाठी जोखीम भत्ताही आला.

हे दर पूर्वीपेक्षा निश्चितच बरे आहेत. मात्र चार तास हा आकडा कागदावरचा आहे. काकांबरोबर पहिल्या दिवशी आम्ही सकाळी साडेनऊला निघालो आणि परत आलो तेव्हा गुरे घरी येत होती. त्यांच्याकडे तीन गावे आणि विखुरलेल्या वस्त्या आहेत. सायकलने हे होत नाही, म्हणून ते स्वतःची मोटारसायकल वापरतात आणि पेट्रोल पदरचे घालतात. मी विचारले, "काका, मग चार तासांत संपवायचं कसं?" ते म्हणाले, "पोरी, दोन रस्ते आहेत. एक तर दिवस घालवायचा, नाही तर टपाल दुकानात ठेवायचं. मी दिवस घालवतो. सगळेच घालवतील असं नाही सांगू शकत."

या एका उत्तरात मला माझ्या लेखाचा विषय सापडला. दुकानात ठेवलेले टपाल हा केवळ एखाद्या माणसाचा आळस नसतो. पुष्कळदा चार तासांच्या मोबदल्यात आठ तासांचे अंतर बसविण्याचा तो मार्ग असतो. म्हणून गावकऱ्याला न्याय आणि सेवकाला न्याय या दोन वेगवेगळ्या मागण्या नाहीत. पहिली पुरी व्हावयाची तर दुसरी पुरी झाली पाहिजे.

पिशवीत काय असते?

"आता पत्रे कोण लिहितो?" असे आपण सहज म्हणतो. हे खरे आहे की, तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि ख्यालीखुशालीची पत्रे मोबाइलने संपविली. डेन्मार्कमध्ये तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालसंस्थेने पत्रे वाटणेच थांबविले. आपल्याकडेही २०२५ मध्ये रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. मग खेड्यातील पिशवीत उरते तरी काय?

काकांनी मला पिशवीला हात लावू दिला नाही की कोणाचे नाव वाचू दिले नाही. "दुसऱ्याचं टपाल आहे," एवढेच म्हणाले. प्रकार मात्र सांगत गेले : बँकेचे एटीएम कार्ड, आधार, पॅन, विम्याची सूचना, न्यायालयाचे समन्स, बँकेची वसुलीची नोटीस, गाडीच्या नोंदणीचे कार्ड, औषधाचे पार्सल. मला जाणवले ते असे, की ज्या कागदांवाचून चालू शकते ते कागद मोबाइलवर गेले. ज्यांच्यावाचून अडते ते पिशवीत राहिले. पूर्वी पत्र हरवले तर खुशाली कळत नसे. आता ते हरवले तर हक्क जातो.

न्यायालयीन टपालाचे उदाहरण घ्या. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे २७ वे कलम असे सांगते की, योग्य पत्ता लिहून आणि हशील भरून रजिस्टर टपालाने पाठविलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, नेहमीच्या वेळी पोहोचलाच असे धरावे. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलावी हाजी प्रकरणात हेच तत्त्व लागू केले. याचा अर्थ असा की, लिफाफ्यावर डाक सेवक जो शेरा लिहितो, "घर बंद", "पत्ता सापडत नाही" किंवा "घेण्यास नकार", त्या दोन-तीन शब्दांना न्यायालयात वजन असते. खरोखर घरी जाऊन लिहिलेला शेरा आणि झाडाखाली बसून लिहिलेला शेरा कागदावर सारखाच दिसतो. त्यातून एखाद्याची जमीन जाऊ शकते. नोटीस टाळण्यासाठी शेऱ्यात फेरफार करावयास लावणारे वजनदार लोकही गावात असतात. दरमहा दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या माणसाने त्यांना नाही म्हणावे अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याच्या पाठीशी खात्यानेही उभे राहावयास हवे.

पत्ता आणि प्रतिष्ठा

दुसरी अडचण पत्त्याची. "मु. पो. अमुक, ता. अमुक, जि. अमुक" एवढाच पत्ता असतो. एकाच आडनावाचे निम्मे गाव, आणि त्यात एकाच नावाचे तिघे-चौघे. वडिलांचे नाव नाही, वस्तीचे नाव नाही. आमच्या करमाडलाही शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे परगावचे, परराज्यांतले कामगार खोल्या करून राहतात. खोली बदलली की पत्ता बदलतो, पण आधारवर जुनाच राहतो. अशांचे टपाल कोणी शोधावे?

पत्त्यात माणसाची प्रतिष्ठाही असते. कित्येक वस्त्यांना वर्षानुवर्षे जातीची नावे होती आणि तीच लिफाफ्यावर लिहिली जात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले हे चांगलेच झाले. परंतु सर्व गावाचे टपाल वेशीजवळच्या पारावर ठेवले जात असेल आणि वस्तीतील माणसाला ते मागून आणावे लागत असेल, तर नाव बदलूनही अंतर उरतेच. टपालाचा दर सर्वांना सारखा आहे. मग दारही सर्वांचे सारखेच असले पाहिजे.

मुलगी म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसली. बाईच्या नावचे टपाल घरातील पुरुषाच्या हाती देण्याची रीत आहे. त्यात एटीएम कार्डही असते आणि त्याचा गुप्त क्रमांकही. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली तेव्हा कितीतरी बायकांनी टपालखात्याच्या पेमेंट्स बँकेत पहिल्यांदाच स्वतःचे खाते उघडले. खाते तिचे आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात, याला खाते म्हणावे काय? काका अशा वेळी ओट्यावर उभे राहून तिचे नाव घेऊन हाक मारतात आणि ती बाहेर येईपर्यंत थांबतात. त्यात पाच मिनिटे जातात. ही पाच मिनिटे कोणत्याही तक्त्यात धरलेली नाहीत.

सेवकाची सुरक्षितता

आता मामाच्या नोटिशीचा उलगडा सांगते. ती गावी वेळेवर आली होती. त्याच आठवड्यात काका मामाच्या वस्तीकडे जात असता वाटेवरच्या एका वस्तीवरील मोकळे कुत्रे त्यांना चावले. लस घेण्यासाठी त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, पाय सुजला, गाडीची कीक मारता येईना. बदली आलेल्या मुलाला वस्त्या ठाऊक नव्हत्या. त्यातच ओढ्याला पाणी आले. त्याने नोटीस दुकानात ठेवून दिली. नियमाने हे सर्वस्वी चूक होते. तथापि कुत्रा बांधलेला असता तर ही चूक घडलीच नसती. डाक सेवकाच्या पोटरीवरची जखम आणि मामाच्या बांधाची सरकलेली खूण, या दोन गोष्टींचा असा संबंध आहे.

धोके अनेक आहेत. कुत्रे हा रोजचा. चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करून ती पूर्ण करावी. रेबीज एकदा झाल्यावर त्यातून माणूस जवळजवळ वाचतच नाही. पावसाळ्यात ओढे असतात. वैशाखात मराठवाड्याचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. शिवाय पिशवीत रोकड असते, आणि ती कोणत्या दिवशी असते हे सगळ्या गावाला माहीत असते.

२०२० चा उन्हाळा आम्ही करमाडकर विसरू शकत नाही. वाहने बंद होती. ८ मे रोजी पहाटे आमच्या गावाजवळ रेल्वे रुळांवर, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्यू पावले. त्या दिवसांत बँकेपर्यंत जाता येत नव्हते तेव्हा देशभर डाक सेवक आधारच्या आधारे लोकांना दारात पैसे देत होते. कामावर असताना कोरोनाने मृत्यू आल्यास दहा लाख रुपये देण्याची घोषणा एप्रिल २०२० मध्ये झाली आणि तीत डाक सेवकांचाही समावेश होता. मृत्यूनंतर त्यांना नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने मोजले गेले. जिवंतपणीही तसे का मोजू नये, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

गावकऱ्याची सुरक्षितता

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच सेवक काकांसारखे असतील असे नाही, आणि विश्वासाच्या जोडीला पुरावा असलेला दोघांच्याही हिताचा. १८९८ च्या टपाल कायद्यात टपाल चोरणाऱ्या वा नष्ट करणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितलेली होती. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या नव्या कायद्यात अशी कलमे नाहीत. आता सर्वसाधारण फौजदारी कायद्याकडे जावे लागते. सेवेतील उशीर वा गहाळ होणे याबद्दलच्या जबाबदारीतून टपालखात्याला जुन्या कायद्यानेही बरीच सूट दिली होती आणि नव्यानेही दिली आहे. म्हणून आपणच काही पथ्ये पाळावीत.

बचतीचे पैसे भरताना पासबुकात नोंद, तारखेचा शिक्का आणि सही यांखेरीज पैसे हातचे सोडू नयेत. यंत्रावर अंगठा लावण्यापूर्वी रक्कम मोठ्याने विचारावी, आणि पैसे मोजूनच आत जावे. एका रकमेसाठी दोनदा अंगठा मागितला तर कारण विचारावे. पोच म्हणून सही करावयाची ती टपाल हाती आल्यावर, आधी नव्हे. अत्यंत महत्त्वाचे टपाल पाठविताना स्पीड पोस्टवर 'नोंदणी'ची जादा सोय मागावी, म्हणजे ते नाव असलेल्या किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीलाच द्यावे लागते. तक्रार असेल तर रस्त्यात गाडी न अडविता १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर किंवा डाक अदालतीत करावी. लेखी तक्रारीने दोषी माणूस सापडतो, आणि निर्दोष माणूस सुटतो.

काय करता येईल?

अमेरिकेतही एके काळी शेतकऱ्याला टपालासाठी गावात जावे लागे. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात घरपोच ग्रामीण टपालाचा प्रयोग झाला आणि १९०२ साली ती कायम सेवा झाली. तेथे शेतकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला आपापल्या पेट्या उभ्या केल्या. आपल्यालाही हे अशक्य नाही. शेतवस्तीच्या फाट्यावर नाव आणि गट क्रमांक लिहिलेली पाटी व झाकणाची पत्र्याची पेटी ठेवली, तर साधे टपाल भिजणार नाही. सहीचे टपाल मात्र हातीच दिले पाहिजे.

मे २०२५ मध्ये टपालखात्याने 'डिजिपिन' ही दहा चिन्हांची पद्धत जाहीर केली आहे. तिच्यात देशातील सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीला स्वतःचा संकेत आहे. ज्या वस्तीला घर क्रमांक नाही तिलाही त्यामुळे पत्ता मिळू शकतो. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या नोंदीबरोबर तो लिहून दिला, तर बदली आलेल्या मुलालाही मामाची वस्ती सापडेल.

परंतु पाट्या आणि संकेत यांनी सर्व होणार नाही. खात्याने वाटपाचे तास ठरविताना नकाशावरचे नव्हे, तर पावसाळ्यातले प्रत्यक्ष अंतर मोजावे. वाहनाचा खर्च द्यावा. आजारपणात वस्त्या ठाऊक असलेला प्रशिक्षित बदली माणूस द्यावा. आणि दुखापतीचा इलाज हा कामाचाच भाग मानावा. ओढ्याला पाणी असताना टपाल थांबले तर तो कसूर धरू नये. गावकऱ्यांनी दुपारी तरी कुत्री बांधावीत आणि दारात आलेल्याला पाणी विचारावे.

मामाने आता निमताना मोजणीसाठी अर्ज केला आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. तो अर्ज मीच लिहून दिला. त्याच दिवशी मामाने फाट्यावर पाटी लावली आणि आपल्या कुत्र्यासाठी बाजारातून साखळी आणली. चार दिवसांनी काका एक लिफाफा घेऊन वस्तीवर आले. मामा उठून उभा राहिला, पण त्याला काही बोलता येईना. शेवटी तो आजीला म्हणाला, "माय, पोस्टमनला चहा ठेव." सही करून लिफाफा त्याने स्वतःच्या हाताने घेतला आणि वाचण्यासाठी माझ्याकडे दिला.

पोस्टमनवरचा निबंध आज पुन्हा लिहावयास मिळाला, तर ते ठरलेले वाक्य मी बदलीन. ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा न करता तो येतो, असे न लिहिता, ती पर्वा आपण सर्वांनी केली म्हणून तो आपल्या दारापर्यंत येऊ शकतो, असे मी लिहीन. गुण कितीही मिळोत.